पब्लिक टॉयलेटला कुलूप का असतं?

नमस्कार मंडळी. आजचा विषय असा आहे की जेवताना काढायचा नाही, पाहुण्यांसमोर तर नाहीच नाही, त्यामुळे तो कधी निघतच नाही. आज काढूया. सार्वजनिक संडास.

मागच्या मे महिन्यात मी एसटीनं गावी निघाले होते, साडेसहा तासांचा प्रवास, आणि सकाळपासून दोन घोट पाण्यावर होते. बाटली भरून घेतलेली, पण उघडलीच नव्हती. आईनं लहानपणी लावलेली सवय, प्रवास आहे ना मग पाणी बेतानं पी. तुमच्यापैकी कितीजणींना हे वाक्य तोंडपाठ असेल मला माहितीये. तर दुपारी एका मोठ्या स्टँडवर गाडी वीस मिनिटं थांबली. महिलांचं टॉयलेट नवंकोरं, बाहेरून टाइल्स, उद्घाटनाची पाटी, आणि दाराला कुलूप. चौकशीच्या खिडकीत विचारलं तर म्हणाले साफसफाईवाली बाई आज आली नाहीये, पलीकडे जुनं आहे तिकडे जा. जुन्याला कडी नव्हती, कडीच्या जागी सुतळी होती, भिंतीला खुंटी नाही, फरशीवर घोट्याएवढं पाणी, म्हणजे खाली काही ठेवायची सोय नाही. मग एका हातानं सुतळी धरायची, पर्स गळ्यात, ओढणी दातात, आणि उरलेल्या एका हातानं सगळं करायचं. बाहेर पाच बायका उभ्या, त्यातल्या एकीच्या कडेवर मूल.

बसमध्ये येऊन बसले आणि डोक्यात एकच प्रश्न फिरायला लागला. टॉयलेट होतं. बांधलेलं होतं, पैसे खर्च झालेले होते. मग बंद का? घरी आल्यावर वाचायला घेतलं आणि वाचत वाचत पार अमेरिकेपर्यंत गेले, कारण हाच प्रश्न तिथेही आहे, फक्त उलट्या बाजूनं.

अमेरिकेत एकेकाळी संडासाच्या दारालाच नाणं टाकायची पेटी असायची. दहा सेंटचं नाणं टाकलं की कुलूप उघडणार. १९७० च्या आसपास अशी पैसे टाकून वापरायची जवळपास ५०,००० टॉयलेट्स होती. आता यात गोम काय, तर पुरुषांच्या मुताऱ्या फुकट आणि दार असलेल्या संडासाला पैसे. म्हणजे बाईला साधं लघवीला जायचं तरी प्रत्येक वेळी नाणं. कॅलिफोर्नियात मार्च फॉंग यू नावाच्या आमदार बाई होत्या, त्यांनी १९६९ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर एक कमोड आणून ठेवला आणि घण घेऊन सगळ्यांसमोर फोडला. त्याच सुमारास ओहायो राज्यातल्या डेटन गावातल्या शाळकरी पोरांनी या पैशांच्या टॉयलेटविरुद्ध चक्क एक संघटना काढली, तिची मेंबरशिप होती पंचवीस सेंट, आणि ती देशभर पसरली. १९७३ ला शिकागोनं बंदी घातली, पाठोपाठ राज्यांमागून राज्यं, आणि दहाएक वर्षांत ती नाण्याची कुलपं जवळजवळ गायब झाली.

इथपर्यंत ऐकून मला फार भारी वाटलं होतं. पण पुढचं ऐका. कुलपं गेली, आणि त्यांच्या जागी फुकट टॉयलेट्स आली का? नाही आली. नाण्यातून जो काही खर्च निघत होता तो बंद झाला, महापालिकांनी स्वतःच्या खिशातून तो उचलला नाही, आणि टॉयलेट्सच बंद पडत गेली. आज अमेरिकेतल्या मोठ्या शहरात माणसाला लागली की तो कॉफीचं दुकान शोधतो. लढा बरोबर होता, माझं अजिबात दुमत नाही, पण मग रोजचा खर्च कोण देणार याचं उत्तर कुणी पक्कं करून घेतलं नाही.

आणि ती मुतारी फुकट, संडासाला पैसे ही गोष्ट ओळखीची वाटली ना? वाटणारच. मुंबईत २०११ मध्ये राइट टू पी, म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, नावाची मोहीम सुरू झाली ती नेमकी याच मुद्द्यावर. पुरुष मुतारीत फुकट जाऊन येणार आणि बायकांकडून मात्र पैसे घेणार, कारण विचारलं तर टेबलावर बसलेला माणूस म्हणणार की बाई आत एक नंबरला गेली का दोन नंबरला हे आम्हाला बाहेरून काय कळणार. मोहिमेतल्या कार्यकर्त्या वस्त्यांमध्ये, स्टेशनांबाहेर फिरल्या, सह्या गोळा केल्या, महापालिकेत खेटे घातले. मासळी विकणारी बाई दिवसाला तीनदा गेली तर तिचे किती पैसे गेले, महिन्याचे किती झाले, हा हिशोब त्यांनी मांडला म्हणून तो मांडला गेला, नाहीतर कोण मांडणार होतं.

आता टेक्नॉलॉजीकडे येते, कारण कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच की ताई, ऑटोमॅटिक टॉयलेट बसवा, प्रश्न मिटला. मलाही आधी असंच वाटायचं.

पॅरिसमध्ये १९८१ पासून स्वतःला धुणारी टॉयलेट्स आहेत. तुम्ही बाहेर आलात, दार लागलं, की आतली फरशी आणि भांडं आपोआप धुतलं जातं, जंतुनाशक मारलं जातं, मग पुढच्या माणसासाठी दिवा हिरवा. २००६ पासून ती फुकट आहेत. अमेरिकेतल्या सिएटल शहराला वाटलं आपणही घेऊ, २००४ मध्ये त्यांनी तशी पाच टॉयलेट्स बसवली, खर्च सुमारे ५० लाख डॉलर. अशी टॉयलेट्स बऱ्याच शहरांत जाहिरातींच्या पैशांवर चालतात, सिएटलच्या नियमात तशा जाहिराती बसत नव्हत्या म्हणून सगळा भार शहरावर. आणि झालं काय, तर लोकांनी आत इतका कचरा टाकला की फरशी घासणारी यंत्रणाच बंद करावी लागली. आत नशा सुरू झाली, नको ते धंदे सुरू झाले. चार वर्षांत, २००८ ला, शहरानं ती पाचही टॉयलेट्स ऑनलाइन लिलावात विकून टाकली, सगळी मिळून आले १२,५४९ डॉलर.

आता सॅन फ्रान्सिस्को. तिथे टेंडरलॉइन म्हणून एक भाग आहे, बेघर माणसं खूप, शाळेत जाणारी पोरं फुटपाथवरची घाण चुकवत चालायची. २०१४ मध्ये शहरानं तिथे पिट स्टॉप नावाची योजना काढली, आणि यात वेगळं काय केलं माहितीये? माणूस ठेवला. प्रत्येक टॉयलेटपाशी पगारी माणूस. काही ठिकाणी तर ते तसलंच आपोआप धुणारं टॉयलेट आहे, पण बाहेर एकजण उभा आहे, तो दार ठोठावून विचारतो बरे आहात ना, आत जाऊन बघतो, पुसतो, कागद भरतो. यातले बरेच जण तुरुंगातून सुटून आलेले, ज्यांना दुसरीकडे नोकरी मिळत नव्हती. म्हणजे एका शहरात मशीन होतं आणि माणूस नव्हता, दुसऱ्यात मशीनसोबत माणूस आहे, आणि ते चालतं.

टोकियोचं तर तुम्ही रील्समध्ये बघितलंच असेल. शिबुया भागात १७ ठिकाणी मोठमोठ्या आर्किटेक्ट लोकांनी टॉयलेट्स बांधलीत, त्यात शिगेरू बान यांचं रंगीत काचेचं आहे, बाहेरून आतलं सगळं दिसतं, आत कुणी लपलंय का, स्वच्छ आहे का ते आधीच कळतं, आणि कडी लावली की काच धुरकट होते. थंडीत ती काच धुरकट व्हायला वेळ लागायला लागला म्हणून काही काळ ती कायमची धुरकटच ठेवावी लागली होती. रील्स काचेच्या होतात. पण तिथे दिवसातून दोन-तीनदा साफसफाई होते आणि ती करणाऱ्यांसाठी खास डिझाइन केलेला गणवेश आहे, हे मला त्या काचेपेक्षा मोठं वाटतं. कारण आपल्याकडे हे काम कुणी करायचं हे जातीनं ठरवलं, आणि ते करणाऱ्याला हातमोजेसुद्धा द्यायचे नाहीत हेही त्यातच ठरून गेलं.

इथे बिंदेश्वर पाठक यांचं नाव घ्यायलाच हवं. रस्त्यावरच्या पैशांच्या टॉयलेटला आपण सगळेच 'सुलभ' म्हणतो, ते मुळात यांच्या संस्थेचं नाव. बिहारमधले ब्राह्मण घरातले, बेतियाच्या सफाई कामगारांच्या वस्तीत जाऊन राहिले, आणि १९७० मध्ये सुलभ सुरू केलं. डोक्यावरून मैला वाहणं बंद करायचं होतं त्यांना, आणि त्यासाठीचं डिझाइन इतकं साधं आहे की मला ते कुठल्याही स्मार्ट टॉयलेटपेक्षा हुशार वाटतं. भांड्याला उतार जास्त दिला, त्यामुळे दीड-दोन लिटर पाण्यात सगळं वाहून जातं. खाली दोन खड्डे. एक भरला की पाणी दुसऱ्याकडे वळवायचं, पहिला झाकून ठेवायचा, दोनेक वर्षांत आतलं सगळं कोरडं, वास नसलेलं खत होतं, ते फावड्यानं काढता येतं. ताज्या मैल्याला कुणाचा हात लागत नाही. मग १९७४ मध्ये पाटण्यात त्यांनी पैसे देऊन वापरायचं टॉयलेट चालू केलं, दहा पैसे, आणि लोक म्हणत होते की बिहारमध्ये यासाठी पैसे कोण देणार. लोकांनी दिले. कारण आत पाणी होतं आणि साफ करणारा माणूस होता.

पाण्याचं एक सांगते. भांड्याखाली वाकडा पाइप असतो, त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं, आणि ते पाणीच खालचा वास वर येऊ देत नाही. १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग यांनी याचं पेटंट घेतलं, अडीचशे वर्षं झाली, अजून आपण तेच वापरतो. म्हणजे टाकी रिकामी पडली, ते पाणी आटलं, की टॉयलेट कितीही नवं असू दे, वास येणारच. नळ नसताना बांधलेलं टॉयलेट हे टॉयलेट नाहीच.

आता आईच्या त्या सल्ल्याबद्दल बोलते, आणि हे जरा नीट ऐका. आपण सगळ्या घाबरतो सीटला, सीटवरून इन्फेक्शन होईल म्हणून. तसं युरिन इन्फेक्शन सहसा सीटवरून होत नाही. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर, पुरुषाचा साधारण वीस, त्यामुळे आपल्याच शरीरावरचे जंतू मूत्राशयापर्यंत पटकन पोचतात, आणि लघवी झाली की ते वाहून जातात. आपण पाणी पीत नाही, तासन्‌तास दाबून धरतो, म्हणजे त्या जंतूंना वाढायला निवांत वेळ देतो. आणि कमोडवर न टेकता अधांतरी बसतो ना आपण, त्यात खालचे स्नायू सैल सुटत नाहीत, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. खरी काळजी हातांची घ्यायची, कडीला, नळाला, मगाला लागलेल्या हातांची, म्हणून साबण हवा. पाणी प्या. आईंनाही सांगा.

अमेरिकेतल्याच पोर्टलंड शहरानं सिएटलचं बघून २००८ मध्ये साधं स्टीलचं टॉयलेट काढलं, हात धुवायचा नळ बाहेरच्या बाजूला म्हणजे आत कुणी रेंगाळत नाही, खाली जाळीच्या फटी म्हणजे आत माणूस आहे का आडवा पडलाय हे पाय दिसून कळतं. आणि जर्मनीत आलेन गावात सुरू झालेली एक पद्धत आहे, हॉटेल, दुकानं दारावर स्टिकर लावतात की आमचं टॉयलेट कुणीही वापरा, काही विकत घ्यायची सक्ती नाही, आणि नगरपालिका त्यांना दरमहा पैसे देते. नवं बांधकामच नाही. हे आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेत का होऊ नये मला खरंच कळत नाही.

कायद्याचं विचाराल तर पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' मासिकाच्या नावानं मुंबई हायकोर्टात जनहित याचिका होती, २०१५ च्या डिसेंबरमध्ये निकाल आला, आणि कोर्टानं सांगितलं की रस्त्यांवर, बाजारांत बायकांसाठी स्वच्छ टॉयलेट देणं हे महापालिकांचं काम आहे, जगण्याच्या हक्कातच ते येतं. त्यामुळे तुम्ही अर्ज घेऊन जाल तेव्हा काही उपकार मागायला जात नाही आहात.

येताना मी मुद्दाम त्याच स्टँडवर उतरले. नवं टॉयलेट उघडं होतं. बाहेर स्टुलावर साठीच्या एक मावशी, शेजारी चिल्लरीचा स्टीलचा डबा. आत गेले तर दाराच्या मागे दोन मोठे खिळे ठोकलेले, त्यावर मी पर्स अडकवली, ओढणी अडकवली, दोन्ही हात मोकळे. बाहेर येऊन विचारलं मावशी, हे खिळे कुणी ठोकले. "मीच. बाया सामान कुठं ठेवतील गं?" पाणी सकाळी उशिरा येतं, तोवर त्या हापशावरून बादल्या आणतात, पहिल्या गाडीच्या आधी. पगार ठेकेदार देतो, कधी वेळेवर, कधी नाही.

म्हटलं मागच्या आठवड्यात आले होते तर कुलूप होतं. म्हणाल्या, "सुनेला दवाखान्यात नेलं होतं." म्हटलं मग तुमच्या बदली कोण येतं?

"बदली कोण येणार. मी नाही आले की कुलूप."