जाळीच्या आत मोकळं

नमस्कार मंडळी, मी इथलीच, इंदूरच्या रामबागेतली. आज कुत्र्यांबद्दल आणि त्यांना मोकळं सोडायच्या डॉग पार्कबद्दल बोलायचंय, म्हणजे ज्यांच्या घरी कुत्रं आहे आणि जे सकाळ-संध्याकाळ हाताला लीश गुंडाळून कॉलनीत चकरा मारतात त्यांच्याशी तर खासच.

मागच्या उन्हाळ्यात मी मुलीकडे हेलसिंकीला गेले होते, फिनलंडला. तिथे शहराच्या पोटातच जंगल आहे, केस्कुसपुइस्तो म्हणतात त्याला, दक्षिणेकडून उत्तरेला जवळजवळ 10 किलोमीटर लांब, आणि बगीचा नाही बरं का, खरंच जंगल, स्प्रूस, पाइन, भूर्ज, खाली ब्लूबेरीची झुडपं, मधूनच ससा पळतो. मुलीचा बंड्या त्या सगळ्या वाटेवर लीशवरच चालत होता. मी म्हटलं, अगं एवढं रान पडलंय, सोड की त्याला. तर म्हणाली, "आई, शहरात मोकळं सोडायचं नसतंच, आणि बाहेर रानात पण 1 मार्च ते 19 ऑगस्ट कुत्रा बांधलेलाच ठेवायचा, पक्ष्यांची-प्राण्यांची पिल्लं असतात ना." कायदाच आहे तसा आणि मला तो मनापासून पटला. आपल्या रालामंडल अभयारण्यात हरणं आहेत, तिथे कुणी कुत्रा सोडायची गोष्ट केली तर मी आधी नाही म्हणीन.

मग झाडांमध्येच ती जागा आली, कुत्र्यांना मोकळं सोडायची, डॉग पार्क. उंच जाळी, आत दोन भाग, एक मोठ्या कुत्र्यांचा, एक छोट्यांचा. तिकीट नाही, चौकीदार नाही. फाटक एक नाही, दोन, एकामागे एक, आणि मधे चार माणसं उभी राहतील एवढी जागा, म्हणजे एक लावल्याशिवाय दुसरं उघडायचंच नाही, कुणी निसटायला नको. मुलगी लगेच आत गेली नाही. बाहेरच पाच मिनिटं उभी राहिली, आत कोण आहे, कोण कुणाला दाबतंय, बंड्याचं शेपूट काय सांगतंय ते बघत. मला हीच गोष्ट तुम्हाला सगळ्यात जास्त सांगायचीय, कारण भांडणं बहुतेक फाटकाशीच होतात, नवीन कुत्रं आलं की आतले सगळे धावत येतात, आणि नवीन जो आहे तो लीशवर असला तर त्याला मागे सरता येत नाही, मान आवळलेली असते, आपण घाबरून अजून ओढतो, आणि मग तो गुरगुरणारच की. म्हणून गर्दी पांगली की दोन फाटकांच्या मधेच लीश काढायची आणि मगच आत.

आत गेल्यावर बंड्या एका काळ्या कुत्रीपुढे पुढचे पाय पसरून, कोपरं जमिनीला टेकवून, मागचा भाग वर करून उभा राहिला. हे त्यांचं "खेळतेस का" विचारणं. ती पळाली, हा मागे, मग हा पुढे ती मागे. अशी अदलाबदल होत असली की खेळ चांगला चाललाय समजा. एकच सारखा खाली दबला जातोय, शेपूट पायात घालून बाकाखाली शिरतोय, तर त्याला उचला आणि घरी जा, "शिकेल आपोआप" म्हणून बसू नका, तो फक्त भीती शिकतो. आणि बिस्किटं, आवडता बॉल घरीच ठेवा, त्याच्यावरून मारामारी होते. हीटवर म्हणजे माजावर असलेली कुत्री नाही न्यायची, लसी पूर्ण न झालेलं पिल्लू तर अजिबात नाही, पार्वो हा जीवघेणा विषाणू जमिनीतून पण लागतो. शी आपली आपण उचलायची, हे इंदूरवाल्यांना मी काय सांगू, 2017 ला स्वच्छतेत आपला देशात पहिला नंबर आला तो अशाच सवयींनी ना.

घरी आलो की मुलगी त्याचे कान, काखा, बोटांच्या मधली जागा चाचपायची, गोचीड बघायला. आपल्याकडे तर हे जास्तच हवं, टिक फीव्हरने चांगली धट्टीकट्टी कुत्री आठवड्यात झोपतात. आणि मे महिन्यात पहाटेच न्या, फरशीला हाताची मागची बाजू लावून बघा, पाच सेकंद सहन होत नसेल तर त्याचे तळवेही भाजतील.

आमची लाली रस्त्यावरची, आता सहा वर्षांची, पण आमच्याकडे आल्यापासून लीशशिवाय ती कधी पळालीच नव्हती. परत आल्यावर सिमरोलकडे नातेवाइकांच्या शेतावर, जिथे चारी बाजूंनी भिंत आहे, तिथे तिला नेलं. दोन्ही फाटकं बंद केली, सगळीकडे फिरून भिंतीला कुठे भोक आहे का बघितलं, मग लीश काढली. ती हललीच नाही. माझ्या पायाशी उभी, माझ्याकडे बघत. मी चार पावलं चालले, ती चार पावलं आली. मग कुठून तरी टिटवी ओरडली आणि लाली निघाली, कान मागे, पोट जमिनीला लागेल अशी, पार त्या टोकाच्या आंब्यापर्यंत, तिथून वळून परत, आणि तोंड माझ्या हातात खुपसून धापा टाकत उभी राहिली.