माळावरची दुसरी टिटवी

श्रोतेहो, नमस्कार. रात्री बांधाकडून ‘टिटीव-टिव, टिटीव-टिव’ असा कालवा उठला की घरातलं जुनं माणूस कूस बदलतं आणि पुटपुटतं, “मेली टिटवी!” अपशकुनी म्हणून बदनाम झालेली ती हीच. कुत्रं, कोल्हा, माणूस, कुणीही जवळ आलं की ती ओरडते, एवढाच तिचा गुन्हा. राखणदारालाच शिव्या घालायची आपली खोड जुनी!

पण आपल्याकडे टिटव्या दोन. ही ओरडणारी पाण्याच्या आसऱ्यानं राहते. तळ्याकाठी, भिजवलेल्या वावरात. काळं डोकं, काळी छाती, चोच लाल आणि डोळ्यापुढे लाल मांसल पाळी. दुसरी माळटिटवी. अंगानं लहान, पहिली ३३ सेंटिमीटरची तर ही २७ची. रंग वाळल्या मातीचा, डोक्यावर काळी टोपी, खाली पांढरी कड आणि चोचीच्या दोन्ही बाजूंना हळदीसारख्या पिवळ्या पाळ्या. पाय मात्र दोघींचे पिवळेच. लाल पाळीची थेट इराकपर्यंत सापडते. माळटिटवी भारतीय उपखंडाबाहेर राहत नाही. आवाजही तिचा बेताचा, एखादं तुटक ‘ची-इट’.

गेल्या वैशाखात सासवडच्या पुढे एका माळावर दुर्बीण लावून बसलो होतो. खडे चटके देत होते. उघड्यावरच, चार खड्यांच्या आडोशाला चार अंडी. नजर जरा हलली की पुन्हा सापडत नव्हती. तेवढ्यात जोडीदार तुरुतुरु पळत आला. पोटाखालची पिसं चिंब, पाणी ठिबकतंय! कुठल्याशा डबक्यात पोट बुडवून आला होता. अंड्यांवर उभा राहिला, पिसं फुलवली आणि अलगद टेकला. पाणथळीची टिटवीही असंच करते, पण तिचं पाणी बहुधा जवळच असतं. याला ते शोधून आणावं लागतं.

लाल पाळीची टिटवी माणसाशी जुळवून घेते. इमारतींच्या गच्चीवर, रुळांमधल्या खडीतही अंडी घालते. माळटिटवीला मात्र कोरडा, मोकळा माळच हवा. आपण त्याला सातबाऱ्यावर पोटखराबा लिहितो.

यंदा त्याच माळावर पुन्हा गेलो. चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, ‘प्लॉट विकणे आहे’ची पाटी होती. खडीच्या ढिगावर उभी राहून लाल पाळीची टिटवी माझ्यावर ओरडत होती. दुसरी दोन तास बसूनही दिसली नाही.