ताटली कुठली?

नमस्कार, श्रोतेहो. आज बोलायचंय ते ताटल्यांच्या चित्रांबद्दल, जलरंगातल्या. पण आधी एका खऱ्या ताटलीची गोष्ट. ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

एकोणिसावं शतक संपत आलेलं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात फिलाडेल्फिया शहर आहे, तिथल्या संग्रहालयातल्या एडविन ॲटली बार्बर यांच्या हाती लाल मातीची एक जुनी ताटली आली. पाय भाजायची. पाय म्हणजे आपले हातपाय नव्हेत हो, मैद्याच्या पारीत फळांचं सारण भरून भाजतात, तो पाय. आपली करंजी त्याहून सरस, हे माझं मत कुणी विचारलं नसलं तरी सांगून ठेवतो. तर ताटलीवर कोरीव नक्षी आणि काही मजकूर. ताटली परदेशातून आली असणार, असंच बार्बरना वाटलं. मग त्यांनी तो मजकूर नीट वाचला. भाषा जर्मनच, पण पेनसिल्व्हेनियात येऊन वसलेल्या जर्मन शेतकऱ्यांच्या बोलीतली! म्हणजे ताटली परदेशी नव्हती. पुन्हा सांगतो, परदेशी नव्हती, पेनसिल्व्हेनियातच घडली होती. बार्बर मग त्या कुंभारांच्या मागेच लागले आणि १९०३ मध्ये त्यांचं या भांड्यांवरचं पुस्तक आलं.

हे कुंभार मोठे मिश्कील. एका ताटलीवर लिहिलंय, त्याचा अर्थ साधारण असा:

जमेल तसं रांधते मी बाई,
डुकरीण खाते, तसा नवराही खाई.

रोज नवऱ्यासमोर हीच ताटली ठेवायची म्हणजे बघा!

कृती सोपी. लाल मातीवर पांढऱ्या पातळ मातीचा हात द्यायचा आणि टोकदार काडीनं कोरायचं, की खालचा लाल रंग दिसतो. हिरवा रंग तांब्याचा. वरून शिशाची झिलई.

आता चित्रं. महामंदीत चित्रकार बेकार झाले, तेव्हा अमेरिकन सरकारनं १९३५ मध्ये त्यांना काम दिलं: देशातल्या जुन्या वस्तूंची हुबेहूब चित्रं काढा. या उपक्रमाचं नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. रंगीत फोटोचा तेव्हा भरवसा नव्हता, म्हणून जलरंग. १९४२ पर्यंत सुमारे १८,००० चित्रं झाली. खेळणी, रजया, पेट्या आणि आपल्या या जर्मन ताटल्याही. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहेत. चित्रकारांना सांगणं एकच, वस्तू आहे तशी काढा. त्यामुळे ताटलीच्या कडेचा टवका उडाला असेल, तर चित्रातही तो उडालेलाच आहे.