दोन ओळी लिहा की, ताई!

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय ते पदरचे पैसे घालून पुस्तक काढणाऱ्यांशी. आपल्या सांगली-साताऱ्याकडं अशी माणसं काही कमी नाहीत, कुणी रिटायर झालेले गुरुजी, कुणी एसटीतले कंडक्टर, कुणी तासगावकडचे द्राक्षबागायतदार, कुणी बँकेत काउंटरवर बसून कविता करणारी मुलगी. आणि हल्ली डीटीपीवाला, मुखपृष्ठवाला, छापणारा सगळे जवळच भेटतात त्यामुळं पुस्तक पटकन घरी येतंय. आयएसबीएनला, म्हणजे पुस्तकाच्या ओळख नंबराला, तर सरकार पैसेही घेत नाही, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडं ऑनलाइन अर्ज केला की फुकट मिळतो, तेव्हा कुणी त्या नंबराचेच वेगळे पैसे मागत असेल तर कशाचे म्हणून जरूर विचारा. असो. छापणं सोपं झालं, पंचाईत पुढं आहे. गठ्ठे कॉटखाली पडलेत आणि लेखक निघालाय परीक्षण लिहून देणारा माणूस शोधायला.

मी पुस्तकांवर लिहिते, त्यामुळं हा शोध फिरत फिरत माझ्या मोबाइलवरही येतो. मेसेज साधारण ठरलेला असतो, "नमस्कार सर/मॅडम, माझे नुकतेच प्रकाशित झालेले पुस्तक सोबत पाठवत आहे, आपला बहुमोल अभिप्राय द्यावा ही नम्र विनंती." खाली मुखपृष्ठाचा फोटो, त्याच्याखाली अख्ख्या पुस्तकाची पीडीएफ, आणि चार दिवसांनी "ताई, दोन ओळी लिहा की!" आता ते सर/मॅडम मधला जो तिरका दांडा आहे ना, तो दिसला की कळतं हा मेसेज शंभर जणांना गेलाय. शंभर जणांना गेलेल्या मेसेजला उत्तर द्यायची जबाबदारी कुणाचीच नसते.

माझं म्हणणं सरळ आहे. समीक्षक शोधू नका, पुस्तकाच्या विषयातला माणूस शोधा. उदाहरण देते. समजा तुम्ही हरिपूरच्या हळदीच्या पेवांवर कादंबरी लिहिली. पेवं म्हणजे जमिनीखालची हळद साठवायची कोठारं, २००५ च्या पुरात त्यातली बरीच गेली, विषय भारीच आहे. तर आपला लेखक काय करतो, पुण्यातल्या एखाद्या मोठ्या समीक्षकांचा पत्ता मिळवतो, प्रतीवर सुंदर अक्षरात "आदरणीय सरांना सस्नेह" लिहितो आणि पाठवून देतो. सरांकडं आधीच भिंतीला टेकून असली शंभर पाकिटं. तुमची आणखी एक. पुढं कधीतरी ती प्रत रद्दीवाल्याकडं दोरीत बांधलेली दिसते, सस्नेह सकट.

तीच प्रत हळदीच्या पेठेत ज्याची हयात गेली त्याला द्या. तो दहाव्या पानावर थांबंल आणि म्हणंल, अहो तुमचा हिरो पेवाचं तोंड उघडलं की लगेच आत उडी मारतोय, असं कोण करतंय, आतली कोंडलेली हवा आधी जाऊ द्यावी लागते, नाहीतर माणूस गुदमरून जाईल आत. हे पुण्यातल्या सरांना कळलं असतं का? आणि त्याच माणसानं जर म्हटलं की बाकी सगळं खरंय, वखारीतला वास आला मला, तर ते वाक्य कुठल्याही शब्दबंबाळ परीक्षणापेक्षा वजनदार. त्याला लिहायचा कंटाळा असेल तर समोर बसून बोलतं करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा, उतरवून काढा, त्याला वाचून दाखवा आणि त्याच्या नावानं छापायची परवानगी घ्या. झालं की परीक्षण. फक्त त्याच्या तोंडी आपली साहित्यिक भाषा घालू नका, तो म्हणाला "बरं लिवलंय" तर बरं लिवलंय असंच ठेवा.

हेच सगळीकडं लावून बघा. कुस्तीवर लिहिलंय तर तालमीतले वस्ताद. गडकिल्ल्यांवर असेल तर अजिंक्यताऱ्यापासून वासोट्यापर्यंत दर रविवारी पाय झिजवणारे ट्रेकर, ह्यांचे ग्रुप असतात आणि ते वाट चुकीची दिली असेल तर सोडत नाहीत. कोयनेच्या विस्थापितांवर असेल तर ती गावं सोडून आलेली घरं, आणि तिथं आधी जा, बाकी कुणाकडं जायच्या आधी. लहान मुलांचं पुस्तक असेल तर झेडपीच्या शाळेतल्या एखाद्या हौशी बाईंना प्रत द्या, वर्गात वाचायला सांगा आणि पोरांना एकेक पोस्टकार्ड द्या, पन्नास पैशाला मिळतंय अजून. पोरं काय लिहितील ते लिहू द्या. "ससा मेला ते मला आवडलं नाही" ही मोठ्या माणसानं कधीच न लिहिलेली समीक्षा आहे.

आता कुणी म्हणेल, ताई, म्हणजे समीक्षकांची गरजच नाही का. आहे की. सांगलीला तरी असं म्हणता यायचं नाही, म. द. हातकणंगलेकर सरांसारखा समीक्षक इथं विलिंग्डन कॉलेजात शिकवत होता आणि २००८ ला सांगलीत ८१ वं साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच होते. पण समीक्षकाकडं जायचं तर त्याचं आधी काही वाचून जा. तो कवितेवर लिहितो का कादंबरीवर, ग्रामीण साहित्यावर की इतिहासावर, एवढं तरी. जो लेखक म्हणतो "तुमचा अमुक पुस्तकावरचा लेख वाचला, त्यात तुम्ही बोलीभाषेबद्दल जे लिहिलंय त्यावरून वाटलं की माझी ही कादंबरी तुम्हाला बघावीशी वाटेल, प्रत पाठवू का?" त्याला मी कितीही गडबडीत असले तरी उत्तर देते. बघा, यात पीडीएफ नाही, बहुमोल नाही, आणि पाठवू का असं आधी विचारलंय. नाही म्हणायची मोकळीक दिली की माणूस हो म्हणतो बऱ्याचदा.

पेपर आणि मासिकांचं गणित वेगळं असतं. तिथं बरेच ठिकाणी दोन प्रती मागतात, एक परीक्षण लिहिणाऱ्याला आणि एक ऑफिसात. बहुतेक पुस्तकं 'साभार पोच' मध्ये संपतात, नाव, लेखक, किंमत, बास. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पण एक करा, दिवाळीच्या आधीचे दोन-तीन महिने मासिकांना काही पाठवू नका, सगळे दिवाळी अंकात बुडालेले असतात आणि तुमचं पाकीट तळाला जातं. 'साधना' साप्ताहिक १९४८ पासून आणि 'ललित' मासिक १९६४ पासून निघतंय, अशा ठिकाणी पाठवायच्या आधी दोन-चार अंक विकत घेऊन वाचा की, कसली पुस्तकं घेतात ते कळंल. आपल्या लेखकांचं हे एक आहे, दुसऱ्याचं एक पुस्तक विकत घेणार नाही आणि आपलं मात्र सगळ्यांनी वाचावं.

आणि वाचनालयं! साताऱ्याचं नगर वाचनालय १८५२ चं, सांगलीचं १८६९ चं, आणि गावोगावची 'ब' आणि 'क' वर्गाची ती वेगळीच. लेखक तिथं जातो आणि प्रत भेट देऊन, फोटो काढून परत येतो. अहो, देवघेवीच्या काउंटरवर बसलेल्या माणसाशी बोला ना! कोण ऐतिहासिक सोडून हात लावत नाही, कोणत्या काकू जाडजूड कादंबरी दोन दिवसांत संपवून परत येतात आणि परत करताना "शेवट गंडलाय" म्हणून सांगतात, हे सगळं त्याच्या डोक्यात असतं. त्या काकूंपर्यंत तुमचं पुस्तक पोचवायला त्याला सांगा, त्यांचा फोन नंबर मागू नका, तो द्यायचा हक्क त्याचा नाही, पण पुस्तकात एक कोरा कागद घालून ठेवा, वाचून झालं की काय वाटलं ते लिहा म्हणून. माझ्या बघण्यात असा एक कागद आलाय, त्यावर बाईंनी एवढंच लिहिलं होतं की सासू इतकी वाईट दाखवायची काय गरज होती, तिलाही तिची बाजू असेल. दोन पानी परीक्षणात मला जे मांडता आलं नसतं ते त्या कागदात होतं.

प्रकाशन समारंभाचं जरा बोलते, राग येऊ दे कुणाला. हॉल, शाली, श्रीफळ, नाष्टा, फ्लेक्स यात एवढा पैसा जातो आणि परीक्षणासाठी प्रती बाजूला काढताना हात आखडतो. तीनशे प्रती छापल्या तर तीसेक वाटायच्याच आहेत असं धरून चाला. शिवाय पाहुण्यांना पुस्तक आदल्या रात्री मिळतं, मग ते लेखकाच्या स्वभावावर बोलतात. पाहुण्यांना पुस्तक महिनाभर आधी द्या, छापील नसेल तर प्रूफची झेरॉक्स द्या, आणि ते बोलतील ते रेकॉर्ड करून टाइप करून त्यांच्याकडून तपासून घ्या. खरंच वाचून बोललेलं भाषण हे तयार परीक्षणच असतंय, आपण ते टाळ्यांबरोबर सोडून देतो.

औदुंबरला संक्रांतीला संमेलन असतं, साताऱ्यात ९९ वं अखिल भारतीय झालं, अशा ठिकाणी सुद्धा स्टेजवरून उतरणाऱ्या पाहुण्याच्या हातात पुस्तक कोंबायची धडपड असते. त्यांच्या हातात आधीच चार बुके आणि एक स्मृतिचिन्ह. त्यापेक्षा मांडवात मागच्या खुर्चीवर पिशवीतून आणलेलं पुस्तक वाचत बसलेला कुणीतरी असतोच, त्याच्या शेजारी बसा.

ऑनलाइनचं सांगते, तरुण मंडळी विचारतात म्हणून. ॲमेझॉनवर घरच्यांनी आणि जवळच्या दोस्तांनी दिलेले स्टार चालत नाहीत, नियमच आहे, पैसे किंवा गिफ्ट देऊन तर नाहीच. वाचकाला फुकट प्रत देता येते, पण रिव्ह्यू दिलाच पाहिजे किंवा चांगलाच दिला पाहिजे अशी अट घालता येत नाही. त्यामुळं भावाच्या, मेव्हण्याच्या आणि ऑफिसातल्या सगळ्यांच्या अकाउंटवरून एकाच दिवशी पाच-पाच स्टार टाकायचा उद्योग करू नका, वाचकाला ते लगेच कळतं, सगळ्यात "अप्रतिम, वाचनीय, संग्रही ठेवावे असे". गुडरीड्स या वाचकांच्या वेबसाइटवर मराठी पुस्तकंही असतात, तुमचं नसेल तर तिथले स्वयंसेवक लायब्ररियन असतात त्यांना विनंती करून जोडून घेता येतं. इन्स्टाग्रामवर पुस्तकांवर बोलणारी पोरं-पोरी आहेत, त्यांना फुकट प्रत दिली तर ती भेट मिळालीय असं त्यांनी सांगायला पाहिजे, तुम्हीच आठवण करा, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे घेऊन परीक्षण लिहून देतो म्हणणारेही भेटतात. अमेरिकेत कर्कस म्हणून १९३३ पासूनची संस्था आहे, ती स्वतंत्र लेखकांकडून फी घेऊन परीक्षण करते पण चांगलंच लिहू अशी हमी देत नाही, वाईट आलं तर ते छापायचं नाही असं लेखकाला ठरवता येतं एवढीच सोय. आपल्याकडं पैसे घेणारा कौतुकाची हमी आधी देतो, तिथंच ओळखा. आणि दुसरा प्रकार फुकटचा, तू माझ्यावर लिही मी तुझ्यावर लिहितो, अहो रूपम् अहो ध्वनिः. दोन कवींनी एकमेकांना युगप्रवर्तक म्हटलेलं मी एकाच पुरवणीत वाचलंय हो!

वाईट परीक्षण आलं तर काय? काही नाही. तपशील चुकीचा दिला असेल तर दोन ओळींत कळवा. बाकी रात्री अकराला फोन करून "तुम्ही नीट वाचलंच नाही" असं सुनावू नका, कारण लिहिणारी माणसं थोडी आहेत, एकमेकांना ओळखतात, आणि तुमचं पुढचं पुस्तक आलं की सगळ्यांचेच डोळे दुखायला लागतात. आठवणही एकदाच करायची, महिना दीड महिन्यानं. नंतर विसरून जायचं.

आता पोस्टाचं. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलेलं नाही, १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीड पोस्टात मिसळलंय. पुस्तकांसाठी मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' निघालंय, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपयांपासून, पण ते शैक्षणिक, सामाजिक-सांस्कृतिक, धार्मिक अशा पुस्तकांना आहे आणि पुस्तकावर छापणाऱ्याचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं, तेव्हा तुमचं त्यात बसतंय का ते पोस्टात दाखवून विचारून घ्या. आणि पाकिटात पुस्तकाबरोबर एक साधी चिठ्ठी घाला, पुस्तक कशाबद्दल आहे, किंमत किती, कुठं मिळतं, आणि तुमचा फोन नंबर. कितीतरी पुस्तकांवर लेखकाचा नंबरच नसतो, लिहायचं ठरवलं तरी विचारायचं कुणाला ते कळत नाही. प्रतीवर सस्नेह लिहायचं असेल तर पेन्सिलीनं लिहा.

बरंय मंडळी, नमस्कार.