बसतो तो चालेना, चालतो तो पेटेना

(अंधार. ६०८०च्या आतली तापणारी तार, म्हणजे फिलॅमेंट, हळूहळू तांबूस होत जाते.)

हा ६०८०. जुन्या रेडिओत असायचा तसा काचेचा व्हॉल्व्ह. गाणी ऐकण्यासाठी हा व्हॉल्व्ह बनलाच नव्हता. याचं मूळ काम पॉवर सप्लायमधलं. व्होल्टेज वरखाली होऊ द्यायचं नाही, एका जागी धरून ठेवायचं. नुसतं पेटून राहायला याला ६.३ व्होल्टवर अडीच अँपियर लागतात. म्हणजे जवळजवळ १६ वॅट फक्त ही लाली टिकवण्यासाठी.

हेडफोनवाल्यांनी त्याला उचललं ते वेगळ्याच कारणानं. याच्या काचेत दोन ट्रायोड आहेत. ट्रायोड म्हणजे तीन भाग: कॅथोड, प्लेट आणि त्या दोघांमधला करंट कमी-जास्त करणारा ग्रिड. प्रत्येकाचा आतला रेझिस्टन्स फार कमी, साधारण २८० ओहम. एक ट्रायोड डाव्या कानाला, एक उजव्या. ३०० ओहमचा हेडफोन चालवायला याला मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्पमधला तोच सगळ्यात जड आणि महाग भाग.

पुढचा हा छोटा, नऊ पिनांचा. ईसीसी ८२. अमेरिकन नाव १२एयू७. हेडफोनपर्यंत येणारा बारीक सिग्नल आधी हा वाढवतो, मग ६०८० त्याला ताकद देतो. सगळा ॲम्प एवढाच. दोन व्हॉल्व्ह, एक पॉवर ट्रान्सफॉर्मर, मूठभर रेझिस्टन्स आणि कपॅसिटर.

(दिवस. बाल्कनीतलं टेबल. ॲम्पचा चेसिस, म्हणजे पत्र्याचा सांगाडा, उलटा ठेवलेला.)

पुण्यातल्या एका सोसायटीची ही बाल्कनी. काकांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. ॲम्प शेजारच्या मुलीचा. किट मागवून तिनं तो स्वतः जोडलाय आणि आता तिला त्यात दुसरे व्हॉल्व्ह लावून ऐकायचे आहेत. काकांच्या पत्र्याच्या डब्यात व्हॉल्व्हना तोटा नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेले, काहींवर पुसट झालेलं बीईएल. भारत इलेक्ट्रॉनिक्सनं बंगळूरला १९६१ साली रिसिव्हिंग व्हॉल्व्ह बनवायला सुरुवात केली. रेडिओ आणि सभांचे लाऊडस्पीकर भंगारात गेले, पण त्यातून काढून घेतलेले व्हॉल्व्ह अशा डब्यांत राहिले.

तिनं आधी उचलला ईसीसी ८३. नऊ पिना, जुळतात. बसतो. पेटतोही.

“पेटला म्हणजे चालला असं नाही गं,” काका म्हणतात आणि मीटरची टोकं लावतात.

(मल्टिमीटरचा आकडा वर चढताना.)

बघा. ईसीसी ८२ असताना प्लेटवर ९० व्होल्ट होते, आता आकडा थांबायचं नाव घेत नाही. ईसीसी ८२ सिग्नल सतरा-अठरा पट वाढवतो, हा शंभर पट, पण त्यातून करंट वाहतो तो अगदी थोडा. या ॲम्पमध्ये छोट्या व्हॉल्व्हची प्लेट थेट ६०८०च्या ग्रिडला जोडलेली आहे, मध्ये कपॅसिटर नाही. त्यामुळे इथलं व्होल्टेज बिघडलं की मोठ्या व्हॉल्व्हचंही गणित बिघडतं. बसणारा चालत नाही, तो असा.

आता दुसरा. ईसीसी ८८. टीव्हीच्या ट्यूनरसाठी बनलेला, अँटेनातून येणारा अशक्त सिग्नल कमीत कमी खरखरीत वाढवणारा. ९० व्होल्टवर हा खुशीत काम करतो. प्लेटवर १३०च्या वर मात्र जायचं नाही, तेवढं सांभाळायचं. म्हणजे या ॲम्पला अगदी जोगा. लावला. स्विच दाबला. आणि काहीच नाही. काच थंड.

(सॉकेट खालून, अगदी जवळून. काकांच्या हातातली टोकदार काडी एकेका पिनेवर.)

हा भाग आम्ही मुद्दाम लांबवलाय, कारण या सगळ्या कामाचा जीव इथे आहे.

ईसीसी ८२चा फिलॅमेंट दोन तुकड्यांचा आहे. एक टोक ४ नंबरच्या पिनेवर, दुसरं ५वर आणि मधला सांधा ९वर. १२.६ व्होल्ट द्यायचे तर ४ आणि ५मध्ये द्यायचे. ६.३ द्यायचे तर ४ आणि ५ एकत्र बांधायच्या आणि दुसरी तार ९ला. या ॲम्पमध्ये तेच केलंय.

ईसीसी ८८च्या फिलॅमेंटला मधला सांधाच नाही. त्याची टोकंही ४ आणि ५वरच, पण ९वर आहे आतला पडदा, दोन ट्रायोडना एकमेकांपासून वेगळं ठेवणारा. या सॉकेटमध्ये ४ आणि ५ एकाच तारेवर. फिलॅमेंटच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज, मग करंट वाहणार कुठून? चालणारा पेटत नाही, तो असा. बरं, इथे तो नुसता थंड राहिला. हेच सॉकेट १२.६ व्होल्टला जोडलेलं असतं तर दुप्पट व्होल्टेज खाऊन फिलॅमेंट गेला असता.

उपाय म्हणजे तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात सहज मिळणारा एक टॉगल स्विच, सहा पायांचा. ४ नंबरची पिन आहे तिथेच राहते. ५ नंबरची येते स्विचच्या एका मधल्या पायावर आणि ९ नंबरची दुसऱ्या. खटका वर केला की ५ जाते ४ला आणि ९ला मिळते हीटरची, म्हणजे फिलॅमेंट पेटवणारी, दुसरी तार. खाली केला की ती तार ५ला, आणि ९ जाते ग्राउंडला. एवढंच. चार-पाच तारा, एक भोक.

(ड्रिल. ॲल्युमिनियमचा कीस. कानशीनं कड घासताना.)

नव्या वस्तूला भोक पाडायला लोक बिचकतात. काका नाही बिचकत. या ॲम्पच्या तळाला चार साधे स्क्रू आहेत आणि आतली प्रत्येक तार डोळ्यांना दिसते. माझ्या टेबलावर पडलेल्या बिनतारी इअरफोनला स्क्रूच नाही. बॅटरी गेली की तो गेला.

वॉरंटी अर्थातच संपली.

(सोल्डरचा धूर. कॅथोडचा रेझिस्टन्स निघतो, त्या जागी छोटा ट्रिमर बसतो.)

पेटण्याचा प्रश्न सुटला, आता करंटचा. प्रत्येक व्हॉल्व्हला कॅथोडचा रेझिस्टन्स थोडा वेगळा लागतो. किटमधला ठरावीक रेझिस्टन्स काढून तिथे ट्रिमर, म्हणजे फिरवून बदलता येणारा रेझिस्टन्स. डावीकडे एक, उजवीकडे एक. व्हॉल्व्ह बदलला की मीटर प्लेटवर धरायचा आणि ९० व्होल्ट येईपर्यंत हलक्या हातानं फिरवायचं. ईसीसी ८८ जरा तापट. रेडिओच्या फ्रीक्वेन्सीवर आपला आपण शिट्टी घालू लागतो, कानाला ऐकू न येणारी. म्हणून ग्रिडच्या पिनेला अगदी चिकटून १ किलोओहमचा रेझिस्टन्स. तो दोन इंच लांब लावून उपयोग नाही.

जोडकाम सगळं प्लग काढून. आत १७० व्होल्ट डीसी आहेत आणि बंद केल्यावरही कपॅसिटर भरलेला राहतो. मीटर लावून तो रिकामा झालाय हे बघितल्याशिवाय काका बोट घालत नाहीत, तुम्हीही घालू नका.

(ॲडॉप्टरवर उभा जाडजूड ६एसएन७.)

आणि हा तिचा खरा हट्ट. ६एसएन७. फिलाडेल्फियात १९४६ साली जगासमोर आलेल्या एनिॲक संगणकात सुमारे १८ हजार व्हॉल्व्ह होते, त्यात हाही होता. स्वभावानं ईसीसी ८२च्या जवळचा, पण आठ पिनांचा, म्हणून ॲडॉप्टर. आतल्या तारा बघा. लहान सॉकेटमध्ये क्रम प्लेट, ग्रिड, कॅथोड. मोठ्यात ग्रिड, प्लेट, कॅथोड. म्हणजे पहिल्या दोन तारांची अदलाबदल, दोन्ही बाजूंना. हीटर ७ आणि ८वर. ॲडॉप्टर विकतचा आहे, पण काकांनी तो लावण्याआधी एकेक पिन मीटरनं तपासली.

हा फिलॅमेंटला ०.६ अँपियर मागतो, ईसीसी ८२च्या दुप्पट. ६०८०चे अडीच धरून ३.१. ट्रान्सफॉर्मरवर ४ अँपियर लिहिलंय. चालेल. थोडा गरम होतो.

(हेडफोन लावून ती ऐकतेय. संगीत नाही, फक्त चेहरा.)

ईसीसी ८८नं आवाज मोठा होतो, कारण तो सिग्नल ईसीसी ८२च्या जवळपास दुप्पट वाढवतो. बाकीचा फरक तुमच्या फोनच्या स्पीकरवरून कळणार नाही, म्हणून आम्ही तो ऐकवतही नाही. मोबाइलला लावायचा ३२ ओहमचा इअरफोन मात्र इथे लावू नका, खालचे सूर गळतात.

“काका, उद्या मी विसरले तर?”

“म्हणून तर लिहून ठेवायचं.”

(चेसिसवर कागदी चिकटपट्टी. मार्करनं लिहिणारा हात.)

वर ८२. खाली ८८. आधी बंद कर, मग फिरव. ॲडॉप्टर असेल तर वरच.