वकील कोणाचा?

(बडोद्यातील एका मराठी मंडळात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. मघाशी जिन्यात एका काकूंनी विचारलं, "तुम्ही वकील का हो?" नाही, मी बँकवाला. एकतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची बारा गृहकर्जाच्या टेबलावर. वकिलांनी लिहिलेलं वाचायचं, टिकमार्क करायचा आणि फाईल पुढे सरकवायची, हे माझं काम. त्यामुळे कायद्याचा अभ्यास माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. वकिलाच्या कागदात काय असतं आणि काय नसतं, एवढं मात्र मी पाहिलंय.

घर घ्यायचं ठरलं की मुंबईचे नातेवाईक फोनवर पहिलं विचारतात, "सॉलिसिटरला दाखवलंस का?" ती मुंबईची पद्धत. बडोद्यात तशी पाटी शोधत फिरू नका. इथे घराच्या दस्ताचं काम साधा वकीलच करतो. शब्दही निराळे. पुण्यात ज्याला साठेखत म्हणतात त्याला इथे बानाखत. तिकडचा विसार तो इकडचा बाना. नोकरीनिमित्त नाशिक-पुण्याहून आलेली तरुण मंडळी समोर दिसतात. त्यांच्या हातात गुजरातीतलं बानाखत पडतं, आणि "सगळं स्टॅण्डर्डच असतं" असं म्हणणारा माणूस शेजारीच पेन धरून उभा असतो. तो दलाल असतो, नाहीतर बिल्डरच्या ऑफिसातला मुलगा. वकील तिथून शोधायला सुरुवात करावी लागते.

एक गोष्ट मी नोकरीत असताना कोणाला सांगितली नाही, सांगायला हवी होती. कर्ज घेताना बँक आपल्या पॅनलवरच्या वकिलाकडून टाइटलचा, म्हणजे घराच्या मालकीहक्काचा, रिपोर्ट मागवते. त्याचे पैसे तुमच्याकडून घेते. पण रिपोर्टवर 'प्रति' म्हणून नाव असतं शाखाधिकाऱ्याचं. तो वकील बँकेचा. बँकेला एवढंच बघायचं असतं की कर्ज थकलं तर घर विकून पैसे निघतील का. आणि कर्ज घराच्या किमतीपेक्षा कमी असतं. तुमचे मात्र सगळेच पैसे त्यात असतात, शिवाय राहायचंय तुम्हाला. "बँकेनं लोन दिलं म्हणजे टाइटल क्लिअरच" हे वाक्य मी माझ्या टेबलासमोर इतक्या वेळा ऐकलंय! मी मान हलवायचो. खोटं बोललो नाही, पण मान हलवली.

माझ्या भाचीचा किस्सा सांगतो. मांजलपूरला जुना फ्लॅट, तिसरा मजला, हवेशीर. विकणाऱ्यानं झेरॉक्सचा गठ्ठा दिला. तिच्या मैत्रिणीनं एका वकील मॅडमचं नाव सांगितलं. रावपुऱ्यात वरच्या मजल्यावर छोटंसं ऑफिस. मी सोबत गेलो, म्हणजे मामा म्हणून मिरवायला गेलो. मॅडमनी गठ्ठा टेबलावर तारखांच्या क्रमानं पत्त्यांसारखा मांडला. पहिला दस्त १९९४ चा, बिल्डरकडून एका गृहस्थांच्या नावे. ते गृहस्थ २०११ मध्ये वारले. पुढचा दस्त २०१३ चा, मुलानं एकट्यानं करून दिलेला, आताच्या विकणाऱ्याला. मॅडमनी त्या दोन कागदांच्या मधे पेन्सिल आडवी ठेवली आणि विचारलं, "ही दोन वर्षं घर कोणाचं होतं?"

आम्ही दोघं गप्प.

वारलेल्या गृहस्थांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे बायको, एक मुलगा, दोन मुली. पुष्कळांना वाटतं मुलींना हक्क २००५ पासून मिळाला. ती दुरुस्ती वडिलोपार्जित इस्टेटीबद्दलची. बापानं स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच बायको, मुलगा, मुलगी सगळे सारख्या वाट्याचे वारस आहेत. म्हणजे २०१३ साली मुलाला विकता आला असता तो फक्त चौथा हिस्सा. आई आणि बहिणींनी ना हक्कसोड करून दिला होता, ना दस्तावर सह्या केल्या होत्या. सोसायटीत मुलाचं नाव चढलं होतं, वेऱ्याचं, म्हणजे घरपट्टीचं, बिल त्याच्या नावे येत होतं. त्यानं मालकी सिद्ध होत नाही.

गंमत पुढेच आहे. आताच्या विकणाऱ्यानं २०१३ मध्ये कर्ज घेतलं होतं, त्या वेळचा बँकेचा रिपोर्ट गठ्ठ्यातच होता. त्याच्या शेवटच्या पानावर, सहीच्या वर, एक ओळ: पेढीनामा (वारसांची वंशावळ) आणि इतर वारसांची संमती घेण्याच्या अटीवर टाइटल चोख्खं. वकिलानं आपलं काम केलं होतं. अट पुरी करून घ्यायची होती ती शाखेतल्या माणसानं. बँक माझी नव्हती, पण असले टिकमार्क मी केलेत, त्यामुळे मामांचा रुबाब तिथेच संपला.

विकणारा दोघी बहिणींशी बोलला. नडियादची तयार झाली. न्यू जर्सीची म्हणाली, मला तेव्हा कोणी विचारलंच नव्हतं, आता कशाला विचारता. भाचीनं तो फ्लॅट सोडला. टोकन परत मिळालं, कारण पावतीवर मॅडमनी आधीच लिहून घेतलं होतं: टाइटल चोख्खं न निघाल्यास बाना पूर्ण परत.

ही ओळ कोणीही लिहून घेऊ शकतो. पण आपल्याकडे आधी एकावन्न हजार देतात, पेढे वाटतात आणि मग वकील शोधतात. तेव्हा वकिलानं खोट काढली तर आपल्यालाच त्याचा राग येतो. नवीन बांधकामाचं थोडं बरं आहे. रेरा कायद्यानं नोंदणी केलेल्या कराराशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त पैसे घेता येत नाहीत. जुन्या घराला असलं काही संरक्षण नाही.

आता स्थानिक वकील का म्हणतो ते. या शहराच्या काही खोडी बाहेरच्याला माहीत नसतात. पहिली अशांत धारा, म्हणजे अशांत ठरवलेल्या भागांतल्या घरविक्रीवरचा १९९१ चा कायदा. बडोद्याचे बरेच भाग त्याच्या अधिसूचनेत आहेत. तिथलं घर घ्यायचं तर कलेक्टरची आगाऊ परवानगी लागते. विक्री राजीखुशीनं होतेय ना, किंमत वाजवी आहे ना, याची चौकशी होते. परवानगीशिवाय केलेला व्यवहार रद्दबातल. यादीत कोणता भाग आहे आणि अधिसूचना कुठवर चालू आहे, हे कलेक्टर कचेरीत रोज जाणारा वकील लगेच सांगतो. मुंबईचा मोठा सॉलिसिटर हे पुस्तकात शोधेल.

दुसरी जमीन. भायली, सेवासी, वाघोडिया रस्ता, सगळीकडे प्लॉट विकायला आहेत. गुजरातेत शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. 'एनए (बिनशेती) होऊन जाईल' म्हणतात, तो भविष्यकाळ आहे. आणि टीपी स्कीम, म्हणजे नगररचना योजना, लागली की मूळ सर्व्हे नंबर बदलून फायनल प्लॉट मिळतो, कधी थोडा सरकून, आणि बहुधा कमी क्षेत्राचा. दस्तात जुना नंबर, नकाशात नवा, आणि तुम्ही दाखवताय ती जागा तिसरीच, असंही होतं.

तिसरी आपल्या बडोद्याची खास: विकणारा अमेरिकेत आणि इथे भाऊ पॉवर, म्हणजे मुखत्यारपत्र, घेऊन उभा. पॉवर देणारा वारला की साधारणपणे पॉवरही संपते. माझ्या ओळखीचे एक वकील दस्ताच्या आदल्या रात्री तिकडे व्हिडिओ कॉल करतात, "काका, तब्येत कशी?" असं विचारतात, आणि मगच तारीख पक्की करतात. थट्टा नाही. शिवाय परदेशात केलेली पॉवर इथे आल्यावर तीन महिन्यांत स्टॅम्प करून घ्यावी लागते. विकणारा परदेशवासी असेल तर टीडीएसचा हिशोबही निराळा. पन्नास लाख किंवा जास्त किमतीवर एक टक्का कापायचा, हा नियम विकणारा इथे राहत असेल तेव्हाचा. हे तुमचा वकील सांगेल तेव्हा सांगेल, तुम्ही आधीच विचारा.

दांडिया बाजार, वाडीकडच्या जुन्या वाड्यांचं काय, असं पहिल्या रांगेतून विचारताहेत. सिटी सर्व्हेचं प्रॉपर्टी कार्ड काढा. त्यावर पणजोबांचं नाव निघालं तर वंशावळ काढायला तयार राहा. एखाद्या घरात मोडीतला कागदही निघतो. तो वाचणारे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. असं घर घेणाऱ्यानं घाईच करू नये.

वकील सापडायचा कसा? जाहिरात दिसणार नाही. बार काउन्सिलच्या नियमांनी वकिलाला जाहिरात करता येत नाही. पूर्वी न्यायमंदिराभोवती फेरी मारली की वकील भेटायचे. २०१८ मध्ये कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेली. आता सोपा रस्ता म्हणजे गेल्या दोन-तीन वर्षांत घर घेतलेल्यांना विचारणं. पण "वकील चांगला होता का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. विचारा, "वकिलानं काही खोट काढली का?" जो म्हणेल, "काढली हो, आम्हाला महिनाभर थांबवलं, वैताग आला होता," त्याच्याकडून नंबर घ्या. फौजदारीत नाव काढलेला वकील या कामाला नको. कोर्टात आवाज चढवणारा वेगळा, शांतपणे दस्तनोंदणीचा इंडेक्स चाळणारा वेगळा.

पहिल्या भेटीत तो काय विचारतो ते ऐका. त्यानं मूळ दस्त कुठे आहेत असं विचारलं पाहिजे. मूळ दस्त बँकेत ठेवून कर्ज काढलेलं असू शकतं, ते रजिस्टरात दिसेलच असं नाही. झेरॉक्स बघून "चालेल" म्हणणाऱ्याकडे थांबू नका. विकणाऱ्याचंही काम तोच करतोय का, हे सरळ विचारा. आपल्याकडे फी वाचवायला दोघांत एक वकील करण्याची चाल आहे. मीही केलंय. माझ्या पहिल्या टेनामेंटचा, म्हणजे छोट्या बैठ्या घराचा, दस्त बिल्डरच्याच वकिलानं लिहिला. प्लॉट आला, बांधकाम आलं, कॉमन प्लॉट आणि आतल्या रस्त्यातला आमचा अविभक्त हिस्सा लिहायचा राहिला. वीस वर्षांनी विकायला काढलं तेव्हा कळलं. तोवर बिल्डरची पेढी बंद, भागीदारांतला एक वारलेला. दुरुस्तीच्या लेखावर सह्या मिळवायला मी आणि बायको कुठेकुठे गेलो ते तिला विचारा, ती मागे बसली आहे.

फी आधी ठरवा, आणि तिच्यात काय काय येतं तेही: तीस वर्षांच्या दस्तनोंदींचा सर्च, गुजराती दैनिकातली जाहीर नोटीस, बानाखताचा मसुदा, दस्ताच्या दिवशी हजेरी, नंतर नाव चढवणं. रिपोर्ट लेखी हवा, तुमच्या नावे, सहीनिशी. फीवरून फार घासाघीस करणाऱ्यांना मी एक हिशोब दाखवतो. साठ लाखांच्या घरावर ४.९ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे २ लाख ९४ हजार, आणि एक टक्का नोंदणी फी साठ हजार. जंत्रीची, म्हणजे सरकारी दरानं निघणारी, किंमत जास्त निघाली तर आणखी. घर एकट्या बाईच्या नावे असेल तर ते साठ हजार माफ. नवऱ्याचं नाव जोडलं की माफी गेली. तर चांगला वकील अशी एखादी गोष्ट सांगून आपली बरीचशी फी तिथेच भरून काढतो. काकू हसताहेत, काका नाही.

मी एका जुन्या सर्च रिपोर्टच्या प्रती आणल्या आहेत, नावं आणि पत्ते खोडलेत. दाराशी टेबलावर ठेवल्यात. चष्मा घरी राहिला असेल तर बाकीचं सोडा, शेवटचं पान तेवढं शेजाऱ्याकडून वाचून घ्या.