शब्दांशिवायचा डिलन

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकन गीतकार-गायक बॉब डिलनला 2016 साली नोबेल मिळालं ते साहित्याचं. त्याच वर्षी जानेवारीत चार्ल्स लॉइड या अमेरिकन सॅक्सोफोनवादकाचा 'आय लाँग टू सी यू' हा अल्बम ब्लू नोट कंपनीने काढला. त्यातलं पहिलंच गाणं डिलनचं, 'मास्टर्स ऑफ वॉर'. गायक नाही, शब्द एकही नाही. ज्याची सगळी ताकद शब्दांत, त्याची गाणी टेनर सॅक्सोफोनवर वाजवायची कशी आणि ती कुठे फसतात, त्याबद्दल आज बोलू या.

डिलनच्या चाली बहुतेक वेळा थोडक्या सुरांत फिरतात आणि एकाच ओळीत तोच सूर चार-चार वेळा येतो, कारण तिथे अक्षरं बसवायची असतात. गळ्यातून ते छान लागतं, दर अक्षराचं व्यंजन वेगळं असतं ना! सॅक्सोफोनवर प्रत्येक सुराला रीडला, म्हणजे तोंडाशी कंप पावणाऱ्या पातळ पट्टीला, जीभ लावली की नुसती टकटक ऐकू येते. म्हणून सारख्या सुरांतला पहिला आणि शेवटचा ठेवायचा, मधले एका श्वासात ओढून घ्यायचे आणि गायक जिथे श्वास घेतो तिथेच आपणही घ्यायचा. अर्थात त्यासाठी कडवी पाठ हवीत. जॅझ पियानोवादक हर्बी हॅनकॉकने 2007 मध्ये गायिका-गीतकार जोनी मिचेलच्या गाण्यांवर 'रिव्हर' हा अल्बम केला, त्यात सॅक्सोफोनवर वेन शॉर्टर होता. तिथेही वाद्यं हातात घेण्याआधी वादकांनी गाण्यांचे शब्द वाचून त्यांवर चर्चा केली होती. बिनशब्दांच्या वादनाला शब्दांची तयारी लागते ती अशी.

आता 'मास्टर्स ऑफ वॉर'. गाणं 1963 च्या अल्बममधलं, चाल 'नॉटामन टाउन' या जुन्या लोकगीतावरून घेतलेली. आठ कडवी, ध्रुवपद नाही आणि जवळजवळ सगळं एकाच मायनर कॉर्डवर, म्हणजे कोमल गंधाराच्या एकाच सूरसमूहावर. जॅझवाल्याला इथे मोह होतो तो मधे कॉर्ड भरण्याचा. दर दोन मात्रांना नवा कॉर्ड आणला की चाल शोभिवंत होते, पण तिच्यातला संताप निघून जातो. कॉर्ड बदलला की कानाला सुटका मिळते, आणि या गाण्यात सुटका द्यायचीच नाहीये. लॉइड नेमकं हेच ओळखतो. बिल फ्रिझेलची गिटार आणि ग्रेग लाइझची स्टील गिटार तंबोऱ्यासारखा सूर धरून ठेवतात, आणि कोमल गंधार-कोमल निषादाच्या त्या चौकटीत तो सावकाश फिरतो. अशा जागी शुद्ध धैवत घेतला तर काफीची छाया येते, हे आपल्या कानांना सांगायला नको. ड्रमवर एरिक हारलंड आहे. लॉइड आणि झाकीर हुसेन यांच्याबरोबर 'संगम' या त्रिकुटात होता तोच हा. एक सूर धरून त्यावर लय खेळवायची सवय तिथली.

आठच्या आठ कडवी सॅक्सोफोनवर वाजवली तर ऐकणारा तिसऱ्यातच उठून जाईल. साधारण जमणारी मांडणी अशी: पहिलं कडवं खालच्या सप्तकात, जबडा सैल सोडून, निम्मा श्वास आणि निम्मा सूर असं. दुसरं त्याच जागी, पण भरीव आवाजात. मग दोन-तीन कडव्यांएवढी मोकळी जागा विस्ताराला, एक गिटारला, आणि शेवटचं कडवं वरच्या सप्तकात. खालच्या सुरांना रीड फार कडक असेल तर हा श्वासाळ आवाज येतच नाही. अडीच नंबरची रीड बऱ्याच जणांना पुरते. व्हायब्रेटो मात्र आवरायला हवा. रुंद थरथर आली की डिलनचं गाणं हॉटेलातल्या बॅलडसारखं वाटायला लागतं.

पट्टीचा घोळ सगळ्यात व्यवहारी, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. लोकगीतं गिटारवर इ, ए, डी, जी अशा पट्ट्यांत बसतात, कारण तिथे मोकळ्या तारा मिळतात. टेनरवाल्याला लिहिलेली पट्टी एक पूर्ण सूर वर वाचावी लागते. म्हणजे गिटारचा इ त्याला एफ शार्प होतो, सहा शार्पचा (सहा सूर अर्ध्याने चढवायचे), आणि आल्टोवाल्याला, म्हणजे टेनरहून लहान सॅक्सोफोनवाल्याला, सी शार्प, सात शार्पचा. भांडण्यापेक्षा गिटारवाल्याला पहिल्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, लावायला सांगावं. त्याची बोटं इ च्याच आकारात राहतात, प्रत्यक्षात वाजतो एफ. टेनरला जी मिळतो, आल्टोला डी. दोघेही खूश.

मायक्रोफोनही सॅक्सोफोनच्या रुंद, उघड्या तोंडात खुपसायचा नाही. सूर तोंडातून येतो तितकाच कळांखालच्या भोकांतूनही येतो. फूट-दीड फूट लांब, तोंड आणि मधल्या कळा यांच्या दरम्यान रोखला की खालचे सूर ढणढणत नाहीत आणि शेजारची गिटार बुडत नाही.

लॉइडचंच दुसरं उदाहरण याच्या उलट आहे. 2013 च्या 'हेगर्स साँग' मध्ये पियानोवर जेसन मोरान आणि हा, दोघेच. त्यात 'आय शॅल बी रिलीज्ड' आहे, आदल्या वर्षी वारलेल्या, 'द बँड' या गटाच्या ड्रमवादक-गायक लेव्हन हेल्मच्या स्मरणार्थ. या गाण्यात कॉर्ड एकेक पायरी वर चढतात आणि परत उतरतात, कडव्याला आणि ध्रुवपदाला तेच. म्हणून इथे पियानो हवाच; तो चढउतार ऐकू आला नाही तर खाली फक्त संथ सूर उरतो.

पियानो आणि गिटार दोन्ही वगळूनही डिलन वाजवता येतो. जॅझवादक मायकेल मूरच्या 'ज्वेल्स अँड बायनॉक्युलर्स' या त्रिकुटात आल्टो किंवा क्लॅरिनेट, बास आणि ड्रम एवढंच, आणि अख्खे अल्बम डिलनच्या गाण्यांचे. कॉर्ड कुठे आहे हे बास एकेक सुराने सुचवतो. माझ्या मते लॉइडपेक्षा हे वादन कोरडं आहे आणि म्हणून डिलनच्या गळ्याच्या जास्त जवळचं. आधी मूळ गाणं ऐका, मग हे, आणि लॉइड शेवटी.